आज्ञांची वही आणि बोलके यंत्र



संस्थेच्या वार्षिक अंकात इतिहासाच्या शिक्षकाने कॉम्प्युटरवर लिहावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. बहामनी राज्य किंवा कंधारचा किल्ला असा एखादा विषय आपल्या अपेक्षेत असेल. परंतु आपले मूल रात्री अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईलमधील बोलक्या यंत्राला, म्हणजे चॅट बॉटला, प्रश्न विचारीत बसते आणि ते प्रश्न नायगावातून निघून दूरच्या कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रावर साठत जातात. ही गोष्टही आता आपल्या घरच्या इतिहासाचाच भाग झाली आहे. मग असे यंत्र आपल्याच शाळेत, आपल्याच कुलुपात ठेवता येईल काय? येते. त्यासाठी जे साधन लागते त्याचे नाव शेल स्क्रिप्ट. या साधनाचा व त्या बोलक्या यंत्राचा जन्म एकाच ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

काम पायरीपायरीने लिहून ठेवायचे आणि त्या बरहुकूम ते दुसऱ्याने करायचे, ही कल्पना मुळात जुनीच. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्‌-ख्वारिज्मी यांनी हिंदी अंकांनी हिशेब करण्याची रीत लिहिली. तिचे लॅटिन भाषांतर झाले, त्यांच्या नावाचे तेथे ‘अल्गोरित्मी’ झाले आणि त्यावरून आजचा ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र तेवढ्यावरून कॉम्प्युटर आपणच शोधला असे व्यासपीठावरून ठोकून देण्याचे कारण नाही. अल्‌-ख्वारिज्मींनी हिंदी अंक घेताना ते हिंदी आहेत हे लपविले नाही, ही त्यांची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

आता १९६० नंतरच्या अमेरिकेत या. मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. या संस्थेत एक प्रचंड कॉम्प्युटर अनेक माणसांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली होती. तेथे लुई पूझँ नावाचे फ्रेंच तंत्रज्ञ आले. त्याच त्या आज्ञा रोज पुन्हा टंकित करण्याचा त्यांना कंटाळा आला, तेव्हा त्या आज्ञा एका फायलीत ओळीने लिहून ठेवायच्या आणि ती फाईलच चालवायची, अशी सोय त्यांनी १९६३-६४ च्या सुमारास केली. तिला त्यांनी ‘रनकॉम’ म्हटले. आजही लिनक्समधील कित्येक फायलींच्या नावाअखेरीस ‘आरसी’ ही दोन अक्षरे असतात, ती या रनकॉमचीच खूण. ‘शेल’ हा शब्दही पूझँ यांचाच. शेल म्हणजे टरफल. आत गर असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाहेरून आपण बोलतो ते टरफलाशी. भुईमुगाची शेंग फोडणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावणे अवघड नाही.

त्याच संस्थेत, त्याच यंत्रव्यवस्थेवर जोसेफ वायझेनबाउम हे प्राध्यापक काम करीत होते. नाझी राजवटीमुळे १९३६ मध्ये त्यांच्या ज्यू कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली होती. त्यांनी माणसाशी लेखी संवाद करणारा एक प्रोग्रॅम रचला आणि १९६६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव एलायझा. एलायझाला समजत काहीच नसे. समोरच्याने लिहिलेल्या वाक्यातील शब्द उचलून ती त्यालाच उलट प्रश्न करी. कोणत्या शब्दाला काय उत्तर द्यायचे याच्या यादीलाही वायझेनबाउम ‘स्क्रिप्ट’च म्हणत, कारण नटाला जशी संहिता तशी एलायझाला ती यादी.

पुढे जे घडले ते पालकांनी नीट वाचावे. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्यांना हे यंत्र तयार करताना महिनोन्‌महिने पाहिले होते. तरी एलायझाशी दोनचार वाक्ये बोलताच तिने त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! आणखी एकदा वायझेनबाउम यांनी सहज सुचविले की, लोक यंत्राशी जे बोलतात ते सर्व साठवून आपण तपासावे. त्यावर सहकारी संतापले. ही तर आमच्या अंतरंगाची हेरगिरी, असे ते म्हणाले. हे प्रसंग त्यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच नोंदविले आहेत. माणूस यंत्राजवळ मन मोकळे करतो. आपल्याकडे अशा बोलण्याला अमानत म्हणतात. मग ही अमानत ठेवायची कोणाकडे? संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती सांगितली आहे. परंतु संमतीचे बटण दाबणारे आपण त्यापूर्वी किती ओळी वाचतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

शेलचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. केन टॉम्पसन यांनी १९७१ मध्ये युनिक्ससाठी शेल लिहिले, स्टीफन बोर्न यांचे सुधारलेले शेल १९७९ मध्ये आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशी घोषणा केली की, ज्याचा वापर, अभ्यास, बदल आणि वाटप कोणालाही करता येईल अशी संपूर्ण प्रणाली आपण उभारू. त्या कार्यासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये ‘बॅश’ हे शेल लिहिले. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गर पुरविला. आणि २०२३ मध्ये भाषेची मोठी मॉडेले खुली होऊ लागली, तशी त्यांना साध्या कॉम्प्युटरवर चालविणारे प्रोग्रॅमही मिळू लागले. ओलामा हा त्यांपैकीच एक. सात अब्ज घटकांचे मॉडेल आटोपशीर केले की चार जीबीच्या आसपास बसते. आठ जीबी मेमरीचे यंत्र ते चालविते, हळू का होईना.

स्क्रिप्टमध्ये असते तरी काय? पहिली ओळ सांगते की ही आज्ञापत्रिका कोणत्या शेलने वाचायची. मग क्रमाने आज्ञा येतात: जागा पुरेशी आहे का पाहा, प्रोग्रॅम आण, मॉडेल उतरव, बॉटसाठी वेगळा खातेदार निर्माण कर, म्हणजे तो शाळेच्या इतर कागदपत्रांना हात लावू शकणार नाही. एखादी पायरी चुकली तर तेथेच थांब, पुढे रेटू नको. इतके झाले की मांडणी संपली, आणि कारभार सुरू झाला. आपल्याकडे वीज जाते व येते. वीज आली की बॉट आपोआप उठला पाहिजे. रात्री जरूर त्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली पाहिजे. मुलांच्या संभाषणाची नोंद ठराविक दिवसांनी पुसली गेली पाहिजे, आणि किती दिवसांनी हे पालकसभेत ठरावे. ही सर्व कामे छोट्या छोट्या स्क्रिप्ट करतात व ठरल्या वेळी त्यांना जागे करण्याचे काम ‘क्रॉन’ नावाचा पहारेकरी करतो.

परंतु आंधळेपणाने आज्ञा चालविणे धोक्याचे. बॉट बसविण्याच्या सूचनांत पुष्कळदा एकच ओळ दिलेली असते. ती टाकली की परक्याची स्क्रिप्ट उतरते आणि न वाचताच चालूही होते. २०१५ च्या जानेवारीतील एक प्रकार सांगतो. स्टीम या खेळांच्या प्रोग्रॅमबरोबर येणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये ‘अमुक फोल्डरमधील सर्व पुसून टाक’ अशी आज्ञा होती. फोल्डरचे नाव रिकामे राहिले, तेव्हा आज्ञेचा अर्थ उरला तो ‘सर्व पुसून टाक’ एवढाच. वापरणाऱ्याच्या साऱ्या फायली गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील प्रतीसुद्धा. लिहिणाऱ्याने त्या ओळीशेजारी ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टीप स्वतःच टाकून ठेवलेली होती! म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आधी फाईल उतरवावी, उघडून वाचावी, मग चालवावी. स्क्रिप्ट हा साधा मजकूर आहे. सही करण्यापूर्वी खरेदीखत वाचतो तसाच तो वाचावा.

आपण म्हणाल, हे सारे इंग्रजीत, आमच्या मुलांनी कसे शिकावे? नायगाव १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे १९१७ मध्ये दारुल तर्जुमा स्थापन झाले, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि विज्ञान, वैद्यक, कायदा हे विषय उर्दूतून शिकविले गेले. मराठी बोलणाऱ्या घरांना ती सोय त्यांच्या भाषेत मिळाली नाही, हेही तितकेच खरे. आज आय. आय. टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात, ज्याची उभारणी प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केली, लिनक्सचे व बॅशचे पाठ मराठीतून ऐकता येतात, तेही विनामूल्य. पाठ लहान असतात; थोडे ऐकायचे, थांबवायचे, शेजारी स्वतः करून पाहायचे. दहावीच्या मुलामुलींना हे जमते.

मात्र लहान मॉडेलचे मराठी अडखळते आणि चुकीचे उत्तरही ते ठामपणे देते. तेव्हा शाळेत बॉट बसला म्हणजे गुरुजींची सुटी झाली असे कोणी समजू नये.

माझ्या परिचयातील एका शाळेत एका तरुणाने हौसेने लिनक्सचा सर्व्हर बसविला होता. त्याला पुण्यास नोकरी लागली. काय कोठे ठेवले, कोणती आज्ञा कधी द्यायची, सर्व त्याच्या डोक्यात होते. पावसाळ्यात डिस्क बिघडली, तेव्हापासून ते यंत्र कपाटावर धूळ खात पडले आहे. उलट एलायझाचे पाहा. तिचा मूळ प्रोग्रॅम हरवला अशीच समजूत होती. २०२१ मध्ये एम. आय. टी.च्या दप्तरखान्यात वायझेनबाउम यांच्या कागदपत्रांच्या पेटीत त्याचा छापील कागद सापडला. अभ्यासकांनी तो ओळीनओळ पुन्हा उतरवून काढला, त्या जुन्या यंत्राची नक्कल आजच्या कॉम्प्युटरवर उभी केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये एलायझा पुन्हा चालू झाली. सुमारे साठ वर्षांनंतर ती पूर्वीसारखीच प्रश्नाला प्रश्न विचारू लागली.