खरं नाणं, खोटं नाणं आणि ठक्कुर फेरू



दिवाळीनंतर माझा भाचा घरी आला होता. मोबाइलवर एक फोटो दाखवून म्हणाला, "मावशी, शिवाजी महाराजांचा होन मिळतोय. एक लाख ऐंशी हजार. जुना वाडा पाडताना भिंतीत सापडलाय म्हणे. सराफानं कस लावून बघितलाय, सोनं अगदी खरं आहे."

मी कॉमर्सची पदवीधर, नाणकशास्त्राची नव्हे. पण पैशाचा व्यवहार म्हटला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, पावती देणार का? भाचा म्हणाला, अशा वस्तूची पावती कुणी देत नाही. आणि कंपनीकडून तपासलेलं, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं नाणं घेतलं तर फार महाग पडतं, हे असं सुटंच स्वस्त मिळतं. तेवढ्यावरून आमचा दोन तास वाद झाला. तो गेल्यावर मी पुस्तकं काढून बसले, आणि त्या वाचनात मला आपलाच एक माणूस भेटला.

त्याचं नाव ठक्कुर फेरू. जैन श्रावक, श्रीमाळ कुळातला. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या खजिन्यात कामाला होता आणि पुढे कुतुबुद्दीन मुबारकशहाच्या वेळी टांकसाळीत. १३१८ मध्ये त्यानं प्राकृतात 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहिला. त्या आधी त्याचे रत्नपरीक्षा, वास्तुसार हे ग्रंथ झालेच होते. 'द्रव्यपरीक्षा' त्यानं आपल्या भावासाठी आणि मुलासाठी लिहिला, म्हणजे घरच्या लोकांना धंद्यात कुणी फसवू नये म्हणून. सोनं-चांदी शुद्ध कशी करायची, कस कसा ओळखायचा, इथून सुरुवात करून तो सुमारे अडीचशे प्रकारच्या नाण्यांचं वजन, त्यातला धातू आणि किंमत सांगतो. गुजरातची, माळव्याची नाणी त्यात आहेत, आपल्या देवगिरीच्या यादवांचीही आहेत. जिंकलेल्या मुलखांतली नाणी दिल्लीला येऊन पडत होती आणि ती वितळवण्याआधी कुणीतरी पारखायची होती, तो हा माणूस! नुसत्या नाण्यांवर लिहिलेला असा दुसरा जुना ग्रंथ आपल्याकडे मिळणं कठीण. त्याचं हस्तलिखित कलकत्त्याच्या एका जैन ग्रंथभांडारात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांना सापडलं आणि १९६१ मध्ये ते जोधपूरहून छापून निघालं. साडेसहाशे वर्षांचा हिशेब कुणीतरी कपड्यात बांधून जपून ठेवला होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

फेरूच्या आधीही पारखी होतेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला रूपदर्शक म्हटलं आहे. प्राचीन चांदीच्या आहत नाण्यांवर मागच्या बाजूला बारीक बारीक छाप दिसतात, त्यांतले पुष्कळसे सराफांनी तपासून मारलेले असावेत असं अभ्यासक मानतात. पेशवाईत तर अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. कुठला रुपया कितीला घ्यायचा ते सराफ ठरवी आणि फरकाचा बट्टा कापी. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो ते तिथूनच आलं. पोतदार हे आडनावही खजिन्यातली नाणी पारखणाऱ्याच्या कामावरून आलेलं आहे.

पण यात एक गोष्ट नीट बघा. फेरूचा प्रश्न होता, या नाण्यात सोनं किती? भाच्याच्या सराफानंही तेवढंच बघितलं. होन तीन ग्रॅमही भरत नाही. तेवढ्या सोन्याची किंमत काढा आणि एक लाख ऐंशी हजाराशी ताडून पाहा. मधला जो मोठा आकडा उरतो तो सोन्याचा नाही. तो वयाचा, दुर्मीळपणाचा आणि महाराजांच्या नावाचा आहे. कसोटीचा दगड त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. फसवणाऱ्याला खरं सोनं वापरायला काहीच अडचण नसते, उलट तेच त्याला सोयीचं.

युरोपात दोनशे वर्षांपूर्वी हेच झालं. कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा जर्मन गृहस्थ ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरायचा, तेही तीनशेच्या वर. धातू खरा, काम इतकं सुबक की मोठमोठे संग्राहक फसले. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या डब्यात घालून घोडागाडीखाली बांधायचा आणि फिरायला जायचा, असं सांगतात. १८३० मध्ये तो वारला. आज त्याची खोटी नाणीसुद्धा लोक 'बेकरची' म्हणून पैसे देऊन घेतात, आता बोला!

प्लास्टिकच्या डबीचा जन्म मात्र अमेरिकेतला. १९४९ मध्ये डॉ. विल्यम शेल्डन यांनी जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० गुण द्यायची पद्धत काढली. कल्पना साधी होती. पार झिजलेलं नाणं एक डॉलरचं असेल तर निर्दोष नाणं सत्तर डॉलरचं. पुढे बाजारानं गुण ठेवले आणि हिशेब सोडून दिला. एका गुणाच्या फरकानं किंमत कित्येक पट होऊ लागली. विकणारा म्हणे ६५, घेणारा म्हणे ६३, आणि भांडणं सुरू. तेव्हा १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या आल्या. नाणं विकणाऱ्याचंही नाही आणि घेणाऱ्याचंही नाही, अशा तिसऱ्यानं ते तपासायचं, गुण द्यायचे, सीलबंद करायचं आणि चूक निघाली तर भरपाईची लेखी हमी द्यायची. मला विचाराल तर त्या डबीत सगळ्यात किमती काय असेल तर ती हमी.

आणि ते शेल्डन? त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्यांनी आपली हलकी नाणी तिथे ठेवली होती. गुण द्यायला शिकवणारा माणूसच अदलाबदल करत होता! कोर्टकचेऱ्या झाल्या, कारण ती नाणी तोवर भल्या लोकांनी पैसे मोजून विकत घेतली होती. आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणं आहे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणं, हेही आहे. पाठशाळेत पाठ करताना मला वाटायचं, हे कुठल्या जुन्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलंय! शेल्डनसाहेबांनी दोन्ही एकदम करून दाखवलं.

मग महागडं नाणं अशा तपासणीशिवाय घ्यावं का? माझं उत्तर, घेऊ नये. पण भारतात याला एक मोठी अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे होन अमेरिकेला तपासायला पाठवतो म्हणणारा एकतर अजाण किंवा लबाड. १९३९ चा दुर्मीळ रुपया अजून त्या कक्षेत नाही, आणि वर्षाचा आकडा कोरून बदललेले १९३९ चे रुपये बाजारात असल्यामुळे तपासणी तिथेच सगळ्यात जास्त हवी. साध्या शिवराईला मात्र या खर्चाची काही गरज नाही. ती हाताळून, चार अस्सल शिवरायांशेजारी ठेवून डोळा तयार करावा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे आणि मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं. सुट्टीत मुलांना घेऊन जा.

डबीचंही सगळं खरं मानू नका. गुण हे शेवटी माणसाचं मत असतं, तेच नाणं पुन्हा पाठवलं तर वेगळे गुण येऊ शकतात. शिवाय आता खोट्या डब्याही निघाल्या आहेत. आणि आपल्याच टांकसाळींनी पूर्वी हौशी संग्राहकांसाठी जुन्या ठशांवरून नाणी पुन्हा पाडून दिली होती. ती सरकारी आहेत, खोटी नाहीत, पण जुनीही नाहीत!

भाच्याला मी फेरूची गोष्ट सांगितली, उपदेश नाही केला. एवढंच म्हटलं, "विकणाऱ्याकडून लिहून घे. खोटं निघालं तर पैसे परत, सही आणि तारीख घालून. आणि भिंतीत सापडलाय तर सरकारला कळवलंय का तेही विचार." गाडलेलं धन सापडलं तर ते कळवावं लागतं, तो कायदा १८७८ पासून आहे. त्यानं विचारलं. समोरचा म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आणि त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही. भाचा महिनाभर माझ्यावर रुसला होता, हातचा होन गेला म्हणून. त्याला अजूनही वाटतं की तो खरा असेल. असेलही. जुनी नाणी विकण्याच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीबद्दल २०२१ च्या ऑगस्टमध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं होतं, ते मी त्याला पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

आता माझीही एक चूक सांगते. सासूबाईंच्या डब्यात १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया होता. त्या वर्षी राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतका आखूड सोंडेचा झाला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. मी काय केलं, दरवर्षी निर्वाण लाडूच्या आदल्या दिवशी चांदीच्या भांड्यांबरोबर तो रुपयाही चिंच लावून लखलखीत घासायची. तीस वर्षं! भाच्याच्या ओळखीच्या एका जाणकारांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "काकू, नाणं अस्सल आहे, पण धुतलेलं आहे. याला कुणी गुण देणार नाही." घासल्याच्या बारीक रेघा भिंगाखाली लगेच दिसतात, आणि नाण्यावर चढलेला काळसरपणा हाच त्याच्या वयाचा दाखला असतो.

तुमच्या डब्यात जुने रुपये असतील तर यंदा त्यांना चिंच लावू नका. मी माझा आता सुती कापडात गुंडाळून ठेवलाय. हत्ती मात्र अजून डुकरासारखाच दिसतो.