बावरीच्या शिष्यांनी मनात विचारलेले प्रश्न

पाथरीपासून पूर्णेपर्यंत परभणी जिल्ह्याची दक्षिण बाजू गोदावरीने धरली आहे. या काठाचा इतिहास सांगताना आपण सहसा गंगाखेडच्या जनाबाईपासून सुरुवात करतो. त्याहून कितीतरी जुनी एक गोष्ट पाली ‘सुत्तनिपाता’च्या शेवटच्या वर्गात, ‘पारायणवग्गा’त आहे. बावरी नावाचा ब्राह्मण कोसलातून दक्षिणापथात आला आणि अस्सकाच्या मुलखात, अळकाच्या शेजारी, गोदावरीच्या तीरावर राहिला, असे ती सांगते. अळक हा मूलकाचा पाठभेद मानला जातो, आणि मूलकाचे नगर प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. अस्सकाची राजधानी पोतन, ती अनेक अभ्यासक आजच्या बोधनला धरतात. पैठण आणि बोधन यांच्या मधोमध येतो तो परभणीचा गोदाकाठ. आश्रम अमुक गावीच होता असे म्हणण्याजोगा पुरावा नाही आणि तसा दावा कोणी करू नये; पण अस्सक आणि मूलक या दोन राज्यांची शीव या पट्ट्यात कुठेतरी होती एवढे मानायला हरकत नसावी. मन, बाहेरचे जग आणि दुसऱ्याचे मन यांवर बौद्ध पंडित पुढे शतकानुशतके भांडले. त्या वादाचे सगळे धागे या गोष्टीत आहेत, असे माझे म्हणणे आहे. चमत्कारकथा म्हणून ती बाजूला सारली तर फार मोलाचे काही हातचे जाते.

बावरीने महायज्ञ केला आणि होते नव्हते ते दान देऊन टाकले. तेवढ्यात पायांना भेगा पडलेला, डोक्यावर धूळ, दात किटलेले असा एक ब्राह्मण आला आणि पाचशे नाणी मागू लागला. देण्याजोगे काही उरले नाही म्हणताच त्याने शाप दिला की सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. बावरीचे अन्न तुटले, तो सुकत चालला, ध्यानात मन रमेना. शेवटी एका देवतेने सांगितले की तो माणूस पैशाला लोभावलेला भोंदू आहे, डोके म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. इथे बाहेर काहीच घडलेले नाही. एक वाक्य कानावर पडले आणि बाकीचे सगळे मनाने केले. शरीर मात्र खरोखर झिजले. डोके म्हणजे काय, हे विचारायला बावरीने सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. डोके म्हणजे अविद्या आणि ते फोडते ती विद्या, हे उत्तर त्यांना मिळाले. पण त्याआधी एक परीक्षा होती. बावरीने बजावले होते की प्रश्न मनातच विचारा, तो खरा बुद्ध असेल तर तोंडाने उत्तर देईल. शिष्यांनी मनातल्या मनात गुरूचे वय, गोत्र आणि अंगावरची लक्षणे विचारली. बुद्धाने सांगितले: वय १२० वर्षे, गोत्र बावरी, लक्षणे तीन, आणि तो पाचशे जणांना शिकवतो. भोवतालच्या लोकांना प्रश्न ऐकूच आला नव्हता, उत्तरे तेवढी ऐकू येत होती; हे कोणी विचारले, असा विचार ते करत राहिले. दुसऱ्याचे मन बाहेरून दिसत नाही, ही अडचण त्या गोंधळलेल्या सभेइतकी नेमकी क्वचितच कुठे मांडली गेली असेल.

यावर पहिला आक्षेप असा की ही प्रस्तावनेची कथा मागाहून जोडलेली आहे. तो बराचसा खरा आहे: ‘चूळनिद्देस’ या प्राचीन टीकेत शिष्यांच्या प्रश्नांवर भाष्य आहे, प्रस्तावनेवर नाही. पण मूळ प्रश्नोत्तरे फार जुनी आहेत, कारण संयुक्त आणि अंगुत्तर निकाय त्यांचा ‘पारायण’ असा नाव घेऊन उल्लेख करतात. शिवाय प्रस्तावना मागाहून जोडली असली तरी जोडणाऱ्याला या प्रश्नकर्त्यांचे घर गोदावरीकाठीच असावे असे वाटले, आणि ते उगाच नव्हे. शिष्यांची वाट पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा अशी जाते. हीच वाट शिलालेखांतही सापडते: भोकरदनच्या म्हणजे भोगवर्धनाच्या दात्यांची नावे सांचीला आहेत, आणि पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका गंध्याचे दान कोरलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोळांपैकी मोघराजाने बुद्धाला विचारले, जगाकडे कसे पाहिले म्हणजे मृत्यू आपल्याला पाहणार नाही? जग शून्य म्हणून पाहा, असे उत्तर आले. मग जगच नाही, तर दुसरी माणसे तरी कुठून असणार? पण उत्तराचा उरलेला भाग पाहिला की ही शंका टिकत नाही. त्यात ‘मी’पणाची दृष्टी उपटून टाकायला सांगितले आहे, नदी किंवा झाड नाकारायला नाही. उदय या दुसऱ्या शिष्याला दिलेल्या उत्तरातही आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही संवेदनांत न रमण्याचा उपदेश आहे. बाहेर असे काही नाहीच, असे तिथे म्हटलेले नाही. ते पाऊल पुढे बौद्ध पंडित वसुबंधूने ‘विंशतिके’त टाकले. सगळे भासच असतील तर सर्वांना तेच कसे दिसते, या शंकेवर त्याने प्रेतयोनीतल्या जीवांना दिसणारी नदी पुढे केली. नसलेली पुवाची नदी सगळ्या प्रेतांना सारखीच दिसते, कारण त्यांचे कर्म सारखे. पण मग दुसऱ्याच्या मनाचे काय? सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्तीने ‘सन्तानान्तरसिद्धि’ लिहून अनुमानाचा मार्ग दाखवला: माझ्या बोलण्याआधी माझी इच्छा असते, जे बोलणे माझ्या इच्छेवाचून मला जाणवते, त्याच्यामागे दुसऱ्या कोणाची तरी इच्छा असली पाहिजे. अकराव्या शतकात विक्रमशीलेच्या रत्नकीर्तीने हे खोडले. परमार्थाच्या पातळीवर ‘माझे मन’ आणि ‘त्याचे मन’ यांतली सीमा दाखवता येत नाही, आणि सीमा न दाखवता दुसरेपण सिद्ध होत नाही, असे त्याचे म्हणणे. तर्काच्या कसोटीवर मला रत्नकीर्ती अधिक कडक वाटतो, पण माणसांत राहायचे तर धर्मकीर्तीच लागतो.

पारायणात या दोघांपेक्षा वेगळी अशी आणखी एक वाट आहे. सोळांपैकी पिंगिय म्हातारा होता. तो गोदावरीकाठी बावरीकडे परतला, तेव्हा बावरीने विचारले की मग तू बुद्धापासून क्षणभर तरी दूर का राहतोस? पिंगिय म्हणाला, दूर नाहीच. शरीर थकले, तिथवर जात नाही, पण रात्रंदिवस मी त्याला मनाने, डोळ्यांनी पाहावे तसा पाहतो. इथे परचित्तज्ञानाची सिद्धी नाही आणि अनुमानही नाही. ऐकलेल्या शब्दांवर सतत मन लावून दुसऱ्या मनाशी जडवलेले नाते तेवढे आहे. यात श्रद्धेने स्वतःचीच कल्पना पाहिली असेल, ही शक्यता राहतेच. पण पिंगिय ज्याच्याबद्दल बोलतो त्याने त्याला जे सांगितले ते त्याला आवडणारे नव्हते: तृष्णा सोड. आपल्याच मनाने रचलेली मूर्ती सहसा इतके अवघड मागणे करत नाही.

पु. वि. बापटांनी १९२४ साली पुण्यात देवनागरीत ‘सुत्तनिपात’ छापला, आणि धर्मानंद कोसंबींनी त्याचा मराठी अनुवाद केला. म्हणजे हा मजकूर मराठी वाचकाच्या हाताशी आहे. परभणीच्या इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्यांनी बावरी आणि त्याच्या सोळा शिष्यांना, आश्रमाच्या जागेचा वाद न घालता, जनाबाईच्या आधी एक प्रकरण द्यावे.