माळव्यातील पाते आणि त्याचे मोल

१८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांचे लष्करी बळ आटले आणि राजधानी इंदूरला आली. पुढे माळवा-निमाडातील शिकलगारांचा, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या कारागिरांचा, मूळ व्यवसायच आक्रसला आणि सुऱ्या-चाकूंचे महत्त्व वाढले. महागड्या पात्याचा दाम पोलादाचा की कोफ्तगिरीचा, अर्थात पोलादावर ठोकलेल्या सोन्याचांदीच्या तारेच्या नक्षीचा, हा भेद मोल जोखताना निर्णायक ठरतो. मुशीत वितळवलेल्या उक्कू पोलादात सुमारे दीड टक्का कार्बन असे, आणि अति तापल्यास ते हातोड्याखाली तुटत असल्याने त्याचे जादा मोल रास्तच होते. नक्षीने मात्र धार वाढत नसे. साध्या चाकूचा कस पाणी देण्यात असे: लालबुंद पाते विझवून पुन्हा हलके तापवले नाही, तर ते तडकते.