अजिंठा डोंगररांगेतील आरंभीचे छायाचित्रण आणि निसर्गचित्रणाची परंपरा

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, भोकरदन तालुक्याच्या बाजूने अजिंठ्याची डोंगररांग पसरलेली आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्थापन होण्यापूर्वी भोकरदन हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. या रांगेतील लेणी व निसर्ग यांची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकात मेजर रॉबर्ट गिल यांनी घेतली. वनांच्या इतिहासाची साधने म्हणून अशा छायाचित्रांकडे कसे पाहावे, याचा विचार येथे केला आहे.

विवेचन :
मद्रास सैन्यातील अधिकारी असलेले गिल मुळात चित्रकार होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांची नेमणूक केली. अनेक वर्षे तैलरंगात काम केल्यानंतर ते छायाचित्रणाकडे वळले. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्यांची छायाचित्रे लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एका ग्रंथात ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात वास्तूंबरोबर निसर्गविषयक १०० त्रिमितीय दृश्ये होती.

युरोपीय निसर्गचित्रात पुढे वृक्ष वा खडक, मध्ये पाणी आणि मागे धूसर डोंगर अशी मांडणी रूढ होती. त्रिमितीय छायाचित्रालाही खोलीचा आभास देण्यासाठी जवळची वस्तू लागे. त्यामुळे चित्रकाराची सवय आणि यंत्राची गरज येथे एकत्र आली.

मात्र रसायनांच्या मर्यादा वेगळ्या होत्या. त्या काळी रूढ असलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवरील लेप वाळण्यापूर्वीच सर्व क्रिया उरकाव्या लागत. हा लेप निळ्या प्रकाशाला अधिक आणि हिरव्याला फारच कमी प्रतिसाद देई. परिणामी आकाश कोरे पांढरे, तर झाडी वास्तवाहून काळी व दाट दिसे. वाऱ्याने हललेली पाने पुसट होत. चित्रकार आकाशात ढग रंगवू शके. कॅमेऱ्याला ते सहज साध्य नव्हते.

निष्कर्ष :
डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गिल यांच्या बहुतांश तैलप्रतिकृती नष्ट झाल्या. त्यामुळे छायाचित्रांचे मोल वाढले. तथापि छायाचित्रातील गडद झाडी पाहून 'पूर्वी येथे घनदाट अरण्य होते' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तो काळोख अंशतः अरण्याचा, अंशतः रसायनाचा आणि अंशतः चित्रकाराच्या दृष्टीचा आहे. म्हणून महसूल व वनविषयक कागदपत्रांशी पडताळूनच या छायाचित्रांचा पुरावा म्हणून वापर करणे इष्ट ठरते.