गाडीने पाळलेलं पथ्य

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून 'टक्-टक्' आवाज येतो आणि गाडी पिकअप घेत नाही. टर्बो बसवलेल्या पेट्रोल गाडीची ही तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये जातो, तेव्हा तो दोन दुखणी सांगत असतो. माझं म्हणणं असं, की पुष्कळदा दुखणं एकच असतं; दुसरं असतं ते गाडीने आपणहून पाळलेलं पथ्य. हे पथ्य तिला कसं लागलं, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

स्पार्क प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण कडेपर्यंत क्रमाने जळत जातं. ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकलं, तर सिलिंडरला हादरा बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो हा बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंप हाताला गरम लागतोच ना! म्हणजे टर्बो आला की ठोक्यांना आमंत्रण गेलंच.

अमेरिकेत 1962 साली ओल्ड्समोबिल कंपनीने 'जेटफायर' ही टर्बो गाडी आणली. साडेतीन लिटरचं इंजिन, 215 अश्वशक्ती. कॉम्प्रेशन मुळातच सव्वादहाला एक, आणि वर टर्बो! ठोके थांबवायला कंपनीने डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडलं. त्या पाण्याचं नाव मात्र 'टर्बो रॉकेट फ्लुइड'! टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा दाब आवरायची. इंजिन वाचायचं, गाडी मंदावायची. मालक पेट्रोल न चुकता भरत, हे पाणी विसरत, आणि गाडीत दम नाही म्हणून कुरकुरत. 1963 नंतर जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो उतरवून त्याजागी नुसता कार्बोरेटर बसवून दिला. मला विचाराल तर यंत्र शहाणं होतं, पण ते मालकाच्या आठवणीवर विसंबून होतं.

मग यंत्रालाच कान द्यायचं ठरलं. 1978च्या टर्बो ब्यूइक गाड्यांत इंजिनाला ठोका टिपणारा सेन्सर लावला होता. ठोका ऐकू आला की ठिणगी किंचित उशिरा पडायची. स्वीडनच्या साब कंपनीत पेर गिलब्रांड या अभियंत्याने वेगळी वाट धरली. त्याची यंत्रणा 1982च्या मॉडेलमध्ये आली. ती ठोका ऐकून टर्बोचा दाबच कमी करायची. त्यामुळे पेट्रोल थोडं हलकं मिळालं, तरी इंजिन ते सोसून न्यायचं.

ठिणगी उशिरा पडो की दाब उतरो, ताकद कमी होणारच. आजच्या गाड्यांत हे दोन्ही उपाय एकत्र असतात. म्हणून पिकअप गेला की लगेच टर्बो खोलायला सांगू नये. आधी शेवटचं पेट्रोल कुठलं भरलं ते आठवावं. मग इंटरकूलर चिखलाने बुजलाय का, पेट्रोल पंपाचा दाब पुरेसा आहे का, सिलिंडरमध्ये कार्बन साचलाय का, हे पाहावं. आवाज नसताना गाडी मंद असेल तर टर्बोकडून येणारा एखादा होज फाटलाय का, तेही बघावं. आवाज भार नसतानाही येत असेल, तर दुखणं बेअरिंगचंही असू शकतं. आणि बिचारा सेन्सर त्यालाच नॉकिंग समजून गाडी आवरत बसतो.

काही हौशी मंडळी मात्र सेन्सरची वायरच काढायला सांगतात. नव्या गाड्यांत त्याचा उपयोग होत नाही; सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटर घाबरून ठिणगी आणखीच उशिरा पाडतो. जुन्या गाडीत पिकअप कदाचित परत येईल, पण त्या खुशीत पिस्टन फुटू शकतो, आणि मग अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं.