वाईच्या वकिलाची हायकोर्टापर्यंतची वाट

मराठेशाहीच्या न्यायदानात धंदेवाईक वकिलाला जागा नव्हती. वतनाचा किंवा शिवेचा तंटा वतनदार व गावकऱ्यांच्या गोतसभेपुढे आला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापली तक्रीर, म्हणजे लेखी हकीकत, स्वतःच देत आणि निवाडा महजरात, म्हणजे सभासदांच्या निशाण्या असलेल्या निर्णयपत्रात, उतरवला जाई. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची मुभा धर्मशास्त्रानेही बेतानेच दिली होती. बाप, भाऊ, मुलगा किंवा रीतसर नेमलेला माणूस यांखेरीज जो परक्याची बाजू मांडेल तो दंडास पात्र, असे नारदस्मृती सांगते. न्यायालयीन वादासंबंधीची अशी वचने पुढे वाईच्याच प्राज्ञपाठशाळेने, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली, १९३७ पासून धर्मकोशाच्या व्यवहारकांडात एकत्र आणली.

सनद घेऊन वकिली करण्याची पद्धत मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंहितेने रुजवली. वाई त्या वेळी सातारच्या छत्रपतींच्या राज्यात असल्यामुळे कंपनीची ही व्यवस्था तेथे १८४८ मध्ये राज्य खालसा झाल्यानंतरच पोहोचली. तोवर १८४६ च्या कायद्याने वकिलीचा दरवाजा कोणत्याही धर्माच्या पात्र माणसाला खुला केला होता. १८५२ मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, मुन्सफ म्हणून वाईला आले. दिवाणी न्यायाच्या उतरंडीत मुन्सफ हा खालच्या पायरीवरचा न्यायाधीश असला, तरी सामान्य कुळाचा आणि सावकाराचा संबंध येई तो त्याच्याच कचेरीशी.

१४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे हायकोर्ट सुरू झाले आणि वकिलांची वर्गवारी पक्की झाली. वाईच्या कोर्टात उभा राहणारा बहुधा जिल्हा वकील असे व त्याची सनद जिल्ह्यापुरती चाले. हायकोर्टाच्या अपील शाखेत, म्हणजे मुंबई शहराबाहेरील मुफस्सलातून आलेली अपिले जेथे चालत तेथे, बोलण्यासाठी हायकोर्ट वकिलाची वेगळी पात्रता लागे. मूळ शाखेचा, म्हणजे मुंबई शहरातले दावे थेट जेथे दाखल होत त्या शाखेचा, प्रकार आणखी निराळा होता. तेथे पक्षकाराने प्रथम सॉलिसिटरकडे जायचे, सॉलिसिटरने कागदपत्र सिद्ध करून अ‍ॅडव्होकेटला सूचना द्यायच्या आणि कोर्टापुढे युक्तिवाद अ‍ॅडव्होकेटनेच करायचा, अशी इंग्लंडवरून घेतलेली दुहेरी पद्धत होती. सॉलिसिटर होण्यासाठी एखाद्या पेढीत उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागे. विलायतेत जाऊन बॅरिस्टर न झालेल्याला मूळ शाखेचा अ‍ॅडव्होकेट व्हायचे तर हायकोर्टाची कठीण परीक्षा होती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८७२ मध्ये याच वाटेने मूळ शाखेत दाखल झाले.

मुंबईबाहेरच्या होतकरू तरुणाला या परीक्षांची तयारी कोण करून देणार, हा खरा प्रश्न होता. सरकारी लॉ स्कूल १८५५ पासून होते, पण ते मुंबईत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात लोकमान्य टिळकांनी जिल्हा वकील व हायकोर्ट वकील या परीक्षांसाठी लॉ क्लास चालवला आणि साताऱ्यात नुकतीच वकिली सुरू केलेले मिरजेचे न. चिं. केळकर १८९६ मध्ये टिळकांच्या बोलावण्यावरून पुण्यास गेले, त्यात या वर्गाला हातभार लावण्याचाही हेतू होता. सातारा-सांगलीच्या वकिलीच्या इतिहासात या लॉ क्लासला मिळायला हवे तेवढे महत्त्व अजून मिळालेले नाही.

ही वर्गवारी पक्षकाराला किती महाग पडे, हे एका अपिलाच्या प्रवासावरून कळते. जमिनीच्या वहिवाटीचा दावा वाईला निकालात निघे, पहिले अपील साताऱ्याला जिल्हा न्यायाधीशापुढे चाले आणि कायद्याचा मुद्दा उरला तर दुसरे अपील मुंबईला जाई. खालच्या कोर्टातील खतपत्रे आणि जबान्या मराठीत, बऱ्याचशा मोडी लिपीत. हायकोर्टाचे कामकाज मात्र इंग्रजीत. ज्याने मूळ मोडी खत हाताळले आणि साक्षीदाराला उलटतपासणीत जोखले तो वाईचा वकील शेवटच्या सुनावणीला बाजूला राही, आणि ज्याने केवळ भाषांतर वाचले तो बोले. अनुभवाची अशी ही विभागणी न्यायाच्या दृष्टीने हानिकारक होती.

१९२६ च्या बार कौन्सिल कायद्याने हायकोर्टातील वर्गभेद सैल केले, तरी मुंबईची मूळ शाखा वेगळीच राहिली. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्‌स अ‍ॅक्टने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला, १९७६ च्या दुरुस्तीने दुहेरी पद्धतीचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि सॉलिसिटरला अ‍ॅडव्होकेट म्हणून नोंदणीचा हक्क मिळाला. इंग्लंडमध्ये वरिष्ठ न्यायालयांत बोलण्याचा मार्ग सॉलिसिटरांना १९९० च्या कायद्याने मोकळा झाला, पण तेथे त्यासाठी आजही स्वतंत्र मूल्यमापन उत्तीर्ण व्हावे लागते. भारतात दार उघडले आणि त्याबरोबर शिक्षणही पातळ झाले: नोंदणीपूर्वी प्रशिक्षण व परीक्षा घेण्याची १९६१ च्या कायद्यातील अट १९७३ च्या दुरुस्तीने गेली, बार कौन्सिलने १९९५ मध्ये केलेले प्रशिक्षणाचे नियम १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले आणि २०१० नंतर अखिल भारतीय परीक्षा आली ती उमेदवारीच्या सक्तीविनाच. सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने प्रकरण दाखल करू शकणारा अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड होण्यासाठी मात्र चार वर्षांची वकिली, त्यानंतर एक वर्षाचे प्रशिक्षण आणि परीक्षा, हा जुना क्रम टिकून आहे.

कायद्याने अडवलेली वाट अशी मोकळी झाली, तरी अंतर उरले होते. चार दशकांहून अधिक काळच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच बसू लागले आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम तेथे आले. वाईचा वकील आता स्वतः चालवलेल्या दाव्याचे दुसरे अपील स्वतःच मांडू शकतो. मात्र अपिलाचा मसुदा, कायद्याच्या मुद्द्याची मांडणी आणि हायकोर्टापुढचा युक्तिवाद हे तालुक्याच्या कोर्टात शिकता येत नाही. म्हणून या सहा जिल्ह्यांतील वकील संघटनांनी नवोदितांसाठी अपिलाच्या कामाची रीतसर उमेदवारी आपणहून सुरू करावी.