पहिला स्पर्श कोणाचा, शेवटचा कोणाचा?

१/७
नियमातील एखादा शब्द बदलला, की मैदानावरचा न्यायही बदलतो. बास्केटबॉलमध्ये ‘पहिला’ आणि ‘शेवटचा’ या दोन साध्या शब्दांनी शतकाहून अधिक काळ पंचांची कसोटी पाहिली. त्यांचा हा इतिहास.

२/७
डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. तेथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छताखाली खेळता येईल असा नवा खेळ रचला आणि त्याचे १३ नियम लिहिले. नववा नियम असा, की चेंडू सीमेबाहेर गेल्यास जो त्याला प्रथम स्पर्श करील, त्यानेच तो आत टाकावा.

३/७
हेतू सरळ होता. परिणाम मात्र विपरीत झाला. चेंडू बाहेर जाताच दोन्ही संघ त्याच्यामागे धावत. तो प्रेक्षकांच्या सज्जात गेला, तर कोणी जिन्याने वर पळे, कोणी सोबत्यांच्या आधाराने वर चढे. अखेर १९१३ च्या सुमारास नियम फिरवला गेला: शेवटचा स्पर्श ज्याचा, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना चेंडू.

४/७
दुसरा प्रश्न वेळकाढूपणाचा. आघाडीवरील संघ मैदानभर चेंडू खेळवत राही. त्यावर उपाय म्हणून १९३२ मध्ये मध्यरेषा आली: दहा सेकंदांत चेंडू पुढील अर्ध्या भागात न्यावा. पुढे नेलेला चेंडू मनमानेल तसा मागे आणण्यासही बंदी झाली.

५/७
अमेरिकी हायस्कूलच्या नियमपुस्तकात या बंदीचे शब्द साधारण असे: पुढील भागात शेवटचा स्पर्श ज्या संघाचा, त्यानेच मागील भागात पहिला स्पर्श करू नये.
आता पेच पाहा. बचावपटूचा हात लागून चेंडू मध्यरेषेपलीकडे उडाला आणि टप्पा पडण्यापूर्वीच मागे उभ्या आक्रमकाने तो झेलला. हा नियमभंग आहे काय?

६/७
डोळे म्हणतात, नाही. चेंडू मागे धाडला तो बचावपटूने. परंतु नियमानुसार हवेतील चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत पूर्वीच्याच भागात गणला जातो. म्हणून झेलणाऱ्याचा एकच स्पर्श पुढील भागातला ‘शेवटचा’ आणि मागील भागातला ‘पहिला’ असा दुहेरी धरला गेला. अधिकृत अर्थही तोच दिला गेला: नियमभंग!

७/७
२०१८-१९ च्या हंगामापासून हायस्कूल महासंघाने अपवाद जोडला. बचाव करणाऱ्या संघाच्या स्पर्शाने पुढील भागातून मागे उडालेला चेंडू मागील भागातील कोणताही खेळाडू घेऊ शकतो. वेळकाढूपणा रोखणे हा मूळ हेतू, आणि येथे वेळकाढूपणा नव्हताच. मात्र त्याआधीच्या सामन्यांत वाजलेल्या शिट्ट्या आजच्या नियमाने चुकीच्या ठरवता येणार नाहीत. त्या पंचांपुढे त्या काळचे शब्द होते. जुना दस्तऐवज वाचतानाही हेच भान ठेवावे लागते.